विद्यापीठ आणि नगर : एका शेजारधर्माचा अभ्यास

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ झाला. त्या समारंभात डॉ. आनंदीबाई जोशी यांना एम. डी. ही पदवी मिळाली आणि तो सोहळा पाहण्यासाठी पंडिता रमाबाई तेथे उपस्थित होत्या. ही कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी निवडलेला विषय मात्र फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा तो विषय होता. सातासमुद्रापलीकडील विद्यालयात शिकत असताना आपल्या माणसांचा प्रश्न त्यांनी बरोबर नेला होता आणि उत्तर घेऊन परत यावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाल्याने तो संकल्प अपुरा राहिला.

ज्ञान जेथे निर्माण होते ती वास्तू आणि ज्यांच्यासाठी ते निर्माण व्हावे ती माणसे, यांचे परस्परांशी नाते काय असावे, हा प्रश्न आनंदीबाईंच्या प्रबंधापुरता मर्यादित नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या छायेत झाले. त्या विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर एक नगर होते. त्या नगरातील गरिबांच्या शरीरावर आपण रोगनिदान शिकलो. त्याच्या मोबदल्यात त्या नगराला काय मिळाले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठी फिलाडेल्फियाचीच निवड केली आहे. कारण विद्यापीठ आणि नगर यांच्या भागीदारीचे यश व अपयश अशी दोन्ही रूपे तेथे ठळकपणे दिसतात.

कल्पनेचा उगम

सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन काही करावे, ही कल्पना जुनी आहे. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने टॉयन्बी हॉल ही संस्था स्थापन केली. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या तरुण पदवीधरांनी तेथे येऊन राहावे आणि श्रमिकांच्या जीवनाशी प्रत्यक्ष परिचय करून घ्यावा, असा तिचा हेतू होता. ती पाहून प्रभावित झालेल्या जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागो येथे हल हाउस उघडले. तेथील रहिवाशांनी आसपासच्या वस्तीची घरोघर पाहणी करून नकाशे तयार केले व ते १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. एखाद्या वस्तीच्या दारिद्र्याचा शास्त्रीय अभ्यास वस्तीतच राहून करता येतो, हे त्या कामाने दाखवून दिले.

पुढे विद्यापीठे वाढली, विषय वेगवेगळे झाले, आणि नगर हे अभ्यासकांच्या दृष्टीने केवळ नमुने गोळा करण्याचे क्षेत्र बनले. परोपकार आणि संशोधन या दोन्ही वाटांनी विद्यापीठ नगरात जात राहिले. पण दोन्ही वाटांवर देणारा एक व घेणारा दुसरा, अशीच मांडणी होती. भागीदारी ही त्याहून निराळी गोष्ट आहे. भागीदारीत प्रश्न कोणता घ्यावयाचा हे दोघे मिळून ठरवितात, काम दोघांचे असते, आणि निष्कर्षावर दोघांचा हक्क असतो. ही व्याख्या सोपी आहे. तिच्याप्रमाणे वागणे किती अवघड आहे, ते फिलाडेल्फियाच्या इतिहासावरून कळून येते.

फिलाडेल्फिया : प्रथम पाडाव, मग पश्चात्ताप

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ हे अमेरिकेतील अत्यंत जुने विद्यापीठ. त्याची वैद्यकशाळा १७६५ मधील. म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीची. १८७० च्या दशकात हे विद्यापीठ नगराच्या मध्यभागातून नदीपलीकडे, पश्चिम फिलाडेल्फियात हलले आणि १८७४ मध्ये तेथे त्याचे रुग्णालय उभे राहिले. विसाव्या शतकात या भागात कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने बंद पडू लागले, गोरी कुटुंबे उपनगरांकडे निघून गेली आणि विद्यापीठाच्या भोवतीची वस्ती उत्तरोत्तर गरीब होत गेली.

यावर विद्यापीठाने जो उपाय केला, त्याचे पडसाद आजही उमटतात. १९५९ मध्ये आसपासच्या उच्च शिक्षणसंस्था व रुग्णालये यांनी मिळून एक महामंडळ स्थापन केले आणि नगर पुनर्रचनेच्या सरकारी कायद्याचा आधार घेऊन जमीन संपादन सुरू केले. ‘ब्लॅक बॉटम’ या नावाने ओळखली जाणारी कृष्णवर्णीयांची एक नांदती वस्ती त्यात जमीनदोस्त झाली. हजारो लोक विस्थापित झाले. त्या जागी विज्ञान संशोधनाचे केंद्र व शैक्षणिक इमारती उभ्या राहिल्या आणि त्या परिसराला ‘युनिव्हर्सिटी सिटी’ असे नवे नाव मिळाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत ठिय्या देऊन या धोरणाचा निषेध केला व विस्थापितांसाठी घरांची मागणी केली. घरे पाडून झाल्यावर झालेला हा विरोध होता. वस्तीच्या मनात विद्यापीठाविषयी जो अविश्वास रुजला, तो पुढील पिढीकडे वारशाने गेला.

१३ मे १९८५ रोजी पश्चिम फिलाडेल्फियात आणखी एक भयंकर घटना घडली. ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून स्फोटक टाकले. आग पसरू दिली गेली. त्यात ५ बालकांसह ११ माणसे मृत्युमुखी पडली व ६१ घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी विद्यापीठात शेल्डन हॅकनी हे अध्यक्ष, ली बेन्सन हे इतिहासाचे प्राध्यापक आणि आयरा हार्कवी हे तिघे मिळून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासवर्ग चालवीत होते. विद्यापीठ व त्याच्या भोवतीची वस्ती यांचे नाते हा त्या वर्गाचा विषय. त्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून वस्तीतील तरुणांसाठी कामाची एक योजना पुढे आली आणि तिला शाळांची जोड मिळाली. १९९२ मध्ये या कामासाठी विद्यापीठाने समाज-भागीदारीचे स्वतंत्र केंद्र स्थापन केले. २००७ पासून ते नेटर केंद्र या नावाने ओळखले जाते.

या केंद्राची पद्धत आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्राने वेगळे समाजसेवा पथक काढले नाही. प्राध्यापकाने आपला नेहमीचा विषय, नेहमीच्या अभ्यासक्रमात, गुणांसह शिकवावयाचा. मात्र त्या विषयाचे प्रात्यक्षिक वस्तीतील एखाद्या खऱ्या प्रश्नावर करावयाचे, अशी ती योजना. फ्रान्सिस जॉन्स्टन हे मानवशास्त्राचे प्राध्यापक बालकांच्या वाढीचे व पोषणाचे नामांकित अभ्यासक होते. त्यांनी १९९० च्या सुमारास जवळच्या टर्नर शाळेतील मुलांच्या आहाराचा व वजन-उंचीचा अभ्यास आपल्या वर्गाकडे सोपविला. प्रारंभी पद्धत नेहमीचीच होती. विद्यार्थी जात, मोजमापे घेत, परत येत. लवकरच त्यांना कळून चुकले की अशाने शाळेतील मुले केवळ मोजली जातात, शिकत नाहीत. मग शाळेतील मुलांनाच आहाराची नोंद घ्यावयास, आकडे मांडावयास व निष्कर्ष काढावयास शिकविण्यात आले. त्यातूनच पुढे शाळांमध्ये भाजीपाल्याचे वाफे आले आणि मुलांनी स्वतः चालविलेले फळांचे गाळे उभे राहिले. लठ्ठपणावर व्याख्यान देण्याऐवजी मधल्या सुटीत सफरचंद विकत मिळण्याची सोय झाली. रोगप्रतिबंधाचे शास्त्र शिकलेल्या माणसाला या दोहोंतील फरक अधिक सांगावयास नको.

दुसरे उदाहरण सेयर शाळेचे. २००२ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या एका गटाने असा प्रस्ताव मांडला की शाळेची इमारत हेच वस्तीच्या आरोग्यशिक्षणाचे व प्राथमिक उपचारांचे ठिकाण व्हावे. वैद्यक, परिचर्या, दंतवैद्यक, समाजकार्य अशा अनेक शाखा त्यात उतरल्या. २००७ मध्ये त्या शाळेच्या वास्तूत आरोग्यकेंद्र सुरू झाले. विद्यार्थ्याने अभ्यासवर्गात लिहिलेला निबंध पाच वर्षांत दवाखान्याच्या रूपाने उभा राहिला.

नाण्याची दुसरी बाजू

१९९४ ते २००४ या काळात ज्युडिथ रॉडिन विद्यापीठाच्या अध्यक्षा होत्या. त्यांचे बालपण पश्चिम फिलाडेल्फियातच गेले होते. १९९६ मध्ये विद्यापीठाच्या एका संशोधकाचा परिसरात खून झाला आणि पालकांत घबराट पसरली. तेव्हा कुंपण उंच करण्याचा सोपा मार्ग न स्वीकारता रॉडिन यांनी स्वच्छता व सुरक्षितता, घरे, दुकाने, रोजगार आणि शाळा अशी पाच कलमे एकत्र हाती घेतली. विद्यापीठाची खरेदी शक्य तेथे स्थानिक व्यापाऱ्यांकडून व्हावी, बांधकामावर स्थानिकांना काम मिळावे, असे धोरण आखले गेले. विद्यापीठाच्या साहाय्याने एक सरकारी शाळा २००१ मध्ये उघडली गेली. तिला विद्यापीठ दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,००० डॉलर देऊ लागले.

शाळा उत्तम निघाली, आणि येथेच अडचण उभी राहिली. शाळेच्या हद्दीतील घरांच्या किमती चढल्या. ज्यांच्यासाठी शाळा काढली, त्यांच्यापैकी अनेकांना त्या हद्दीत राहणेच परवडेनासे झाले. बालवर्गातील प्रवेशासाठी पालक थंडीत शाळेबाहेर मुक्काम ठोकू लागले, आणि अखेर २०१३ मध्ये चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्याची पद्धत सुरू करावी लागली. वस्ती सुधारली, पण त्या सुधारलेल्या वस्तीत पूर्वीची माणसे किती राहिली, असा प्रश्न टीकाकार विचारतात, व तो रास्त आहे. रोग बरा झाला पण रोगी राहिला नाही, असे म्हणण्याची वेळ आपल्या शास्त्रातही कधीकधी येते.

आणखी एक वाद कराचा. अमेरिकेत अशा विद्यापीठांना मालमत्ता कर माफ असतो आणि फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळा बऱ्याच अंशी याच करावर चालतात. नगरातील बड्या जमीनदारांपैकी एक असलेल्या संस्थेने शाळांना काहीच देऊ नये काय, असे विद्यापीठातील प्राध्यापक व विद्यार्थीही विचारू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठाने दहा वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. ही रक्कम शाळांच्या जुन्या इमारतींतील ॲस्बेस्टॉस व शिसे काढून टाकण्यासाठी होती. बालकांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो, हे त्याच विद्यापीठाच्या वैद्यकशाळेत शिकविले जात असणार. भिंतीवरील रंग खरवडण्याचा खर्च करावयास मात्र बराच काळ जावा लागला.

अखेरची गोष्ट सर्वांत दुःखद आहे. १९८५ च्या त्या आगीत बळी पडलेल्या एका बालकाच्या मानल्या गेलेल्या अस्थी विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या ताब्यात राहिल्या होत्या आणि दूरशिक्षणाच्या एका वर्गात त्या दाखविल्या गेल्या होत्या, हे २०२१ मध्ये उघडकीस आले. कुटुंबीयांची संमती कोणी विचारली नव्हती. विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली. तीन दशकांहून अधिक काळ ज्या वस्तीशी भागीदारीचे नाते जोडले जात होते, त्याच वस्तीतील मुलाची हाडे त्याच विद्यापीठात अभ्याससाहित्य म्हणून पडून होती. एका दालनातील सद्‍भाव दुसऱ्या दालनापर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

आनंदीबाईंच्या महाविद्यालयाचे पुढे काय झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. अनेक विलीनीकरणांनंतर त्याचा वारसा त्याच नगरातील ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. या विद्यापीठाने २०१४ मध्ये शेजारच्या वस्तीसाठी भागीदारी केंद्र उघडले. परंतु त्याच्या विद्यार्थ्यांचे मुख्य शिक्षण-रुग्णालय असलेले हॅनिमन रुग्णालय खाजगी मालकीचे होते, आणि २०१९ मध्ये ते बंद करण्यात आले. गरिबांची मोठी सोय गेली आणि शेकडो निवासी डॉक्टरांना अन्यत्र जागा शोधाव्या लागल्या. भागीदारीचे केंद्र कितीही चांगले असले, तरी रुग्णालयाची मालकी व निर्णय कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो.

आपल्या देशातील प्रवास

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. १९४६ मध्ये भोर समितीने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असावा व तीन महिने त्याचे प्रशिक्षण व्हावे, अशी शिफारस केली. १९६५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने हरियाणातील बल्लभगढ येथे ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रकल्प सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे सातत्य. त्याच लोकसंख्येची जन्म-मृत्यूची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेल्याने तेथील निष्कर्षांना वजन प्राप्त झाले.

१९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावयाचे, तेथे शिबिरात राहावयाचे व शिक्षण संपेपर्यंत त्या खेड्याशी संबंध ठेवावयाचा, ही तेथील परंपरा. त्या परिसरातील शेतकऱ्यांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यावी व त्या बदल्यात रुग्णालयात सवलतीचे उपचार मिळावेत, अशी आरोग्यविमा योजनाही तेथे राबविली गेली. ज्वारी देणारा शेतकरी रुग्णालयात याचक म्हणून येत नाही, हक्काने येतो. भागीदारीचे हे अस्सल देशी रूप आहे.

त्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली आणि प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. कागदावरची ही उत्तम योजना बहुतेक ठिकाणी वाहनांच्या फेऱ्यांपुरती उरली. अलीकडे, २०२२ पासून, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला असून प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावयाचे आहे.

हा क्रम पाहिला की एक गोष्ट जाणवते. आपल्या योजनांचे तोंड प्रामुख्याने खेड्याकडे राहिले. खेड्याची गरज मोठी होती, याविषयी दुमत नाही. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयाने मालवणी येथे चालविलेल्या नागरी आरोग्यकेंद्रासारखी उदाहरणेही आहेत. तथापि महाविद्यालयाच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावरील झोपडवस्ती पुष्कळदा कोणाच्याच वहीत नसते. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी ही अवस्था आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य हा महापालिकांच्या कार्यसूचीतील विषय झाला, २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले. म्हणजे नगराच्या बाजूने हात पुढे करण्यास आता अधिष्ठान आहे. एका हाताने टाळी वाजत नाही; विद्यापीठाचा हात पुढे यावयास हवा.

आपली वडोदरा नगरी

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला या विषयाचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नसावी. शिक्षण हे नगराच्या उत्थानाचे साधन आहे, हे सूत्र श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कृतीत आणले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. तेथील रसायनशिक्षणाचे अध्वर्यू प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासह कोटीभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये ॲलेम्बिक या औषध कारखान्याचा पाया घातला. शिक्षणसंस्थेतून नगराचा उद्योग उभा राहावा, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे? १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यापर्यंत पोहोचविली. ज्ञानाने माणसांकडे चालत जावे, ही ती दृष्टी होती.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. वैद्यक, अभियांत्रिकी, विज्ञान, समाजकार्य, गृहविज्ञान, विधी, ललितकला अशा विद्याशाखा एकाच नगरात, एकाच विद्यापीठाखाली आहेत. असा योग फार थोड्या नगरांच्या वाट्याला येतो.

आता याच नगराच्या एका प्रश्नाकडे पाहू. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली व नगराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात राहिला. सखल भागातील आपल्या कित्येक व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांतही पाणी शिरले असेल. पूर ओसरल्यावर जो चिखल उरतो, त्यात अनवाणी वावरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. बहुतेकांत ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. त्या दोन आठवड्यांत तापाचे बहुसंख्य रुग्ण प्रथम कोठे जातात? मोठ्या रुग्णालयात नव्हे. ते आपल्यासारख्या खाजगी वैद्यांच्या दवाखान्यात येतात. गल्लीगल्लीतील तापाची पहिली बातमी आपल्याकडे असते. ती आपल्या केसपेपरावर राहते आणि तेथेच संपते.

नदीचे पात्र व भूरचना जाणणारे अभ्यासक विद्यापीठात आहेत, नाल्यांचे गणित मांडणारे अभियंते आहेत, वस्तीत शिरण्याची कला अवगत असलेले समाजकार्याचे विद्यार्थी आहेत, जंतुशास्त्रज्ञ आहेत. महापालिकेकडे यंत्रणा व कायदेशीर अधिकार आहे. वस्तीतील माणसाला पाणी प्रथम कोणत्या घरात शिरते हे ठाऊक आहे. आणि तापाचा रुग्ण आपल्यासमोर बसलेला आहे. हे चौघे एकमेकांना भेटत नाहीत, एवढाच काय तो अभाव.

एक कबुली

येथे थोडे स्वतःविषयी लिहिण्याची अनुज्ञा असावी. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात, दुसऱ्या एका नगरात, मी झोपडवस्तीतील स्त्रियांच्या रक्तक्षयावर प्रबंधिका लिहिली. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतले, आकडे मांडले, परीक्षा उत्तीर्ण झालो. वर्षभराने अन्य कामासाठी त्याच वस्तीत जाणे झाले. एका वृद्धेने मला ओळखले. तिने विचारले, ‘बाळ, माझ्या सुनेचं रक्त नेलंस, त्यात काय निघालं?’ मी नमुन्यांना क्रमांक दिले होते, नावे कोठल्या वहीत होती तेही आठवेना. काहीतरी बोलून मी काढता पाय घेतला. ती सून तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. तिचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. मी शोध घेतला नाही. दोष ना मार्गदर्शकांचा, ना संस्थेचा. तो माझाच होता. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे वाचताना माझ्यापुढे आकडा उभा राहत नाही, त्या वृद्धेचा चेहरा येतो.

काय करता येईल

फिलाडेल्फियाचा अनुभव आणि आपल्या मर्यादा लक्षात घेऊन आपल्या मंडळापुढे पुढील सूचना विचारार्थ ठेवीत आहे.

पहिली सूचना परतफेडीची. ज्या वस्तीतून माहिती वा रक्त घेतले, तेथे निष्कर्ष सहा महिन्यांच्या आत त्या वस्तीच्या भाषेत सांगितल्याखेरीज अभ्यास पूर्ण झाला असे मानू नये. ज्याचा अहवाल सदोष आला, त्याला प्रथम उपचार मिळावा. प्रबंधिका नंतर बांधली जावी. आपल्यापैकी जे अध्यापक वा परीक्षक आहेत, त्यांना हा आग्रह आजपासून धरता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही.

दुसरी सूचना सातत्याची. दहा ठिकाणी एकेक शिबिर घेण्यापेक्षा एकच वस्ती दहा वर्षे सांभाळावी. विद्यार्थी बदलतात, अधिकारी बदलतात. नगरात स्थायिक झालेले वैद्य बदलत नाहीत. भागीदारीतील न हलणारा खांब होण्याची पात्रता आपल्यासारख्या मंडळात आहे.

तिसरी सूचना पुरानंतरच्या तापाची. पावसाळ्यापूर्वी महापालिकेचा आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालय व खाजगी वैद्य यांनी एक साधा तक्ता ठरवावा. पूर ओसरल्यापासून तीन आठवडे प्रत्येक दवाखान्याने रोज तापाचे किती रुग्ण आले व ते कोणत्या भागातील, एवढीच माहिती नावाशिवाय कळवावी. प्रतिबंधक औषध कोणत्या वस्तीत आधी द्यावयाचे, हे त्यावरून ठरविता येईल.

चौथी सूचना समतेची. वस्तीतील दोन-तीन माणसे, त्यांत निदान एक स्त्री, या कामाच्या समितीत असावीत आणि प्रश्नांची निवड त्यांच्या संमतीने व्हावी. कदाचित ती रक्तक्षयाऐवजी गटाराविषयी बोलतील. ते ऐकून घ्यावे लागेल. नदीकाठ सुधारला की तेथील माणसेच हटविली जातील अशी भीती त्यांनी व्यक्त केली, तर ती निराधार नाही, हे ‘ब्लॅक बॉटम’च्या कथेवरून आपण शिकलो आहोत.

आणि पाचवी सूचना भाषेची. आपण या नगरात कित्येक पिढ्या मराठी बोलत आलो आणि गुजराती ही आपल्या शेजाऱ्यांची भाषा म्हणून आत्मसात केली. विद्यापीठाची इंग्रजी आणि वस्तीची गुजराती वा हिंदी यांमधील दुभाषाचे काम आपल्याइतके सहज कोण करील?

आनंदीबाईंनी आपल्या माणसांचा प्रश्न विद्यालयात नेला. उत्तर परत आणण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. आपल्याला आयुष्य मिळाले आहे, नगर मिळाले आहे आणि शेजारी विद्यापीठही मिळाले आहे. ती वृद्धा मला पुन्हा भेटण्याचा संभव नाही. परंतु आज या नगरातील कोणीतरी तरुण विद्यार्थी कोणाच्या तरी सुनेचे रक्त घेत असेल. उद्या तिच्या सासूने हटकले, तर त्याच्या हाती अहवाल असावा आणि तो तिला तिच्या भाषेत समजावून सांगता यावा, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करावी, ही नम्र विनंती.